३६ वर अडून बसू नकोस

डिचोली, रविवार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "फक्त ३६च?" म्हणालीस आणि गप्प झालीस. बायपास ऑपरेशनआधी ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३२ होता, दीड महिन्यानंतर ३६. अगं, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दोघांनी वाचला तरी तीन-चार आकडे इकडचे तिकडे होतात. त्यावर काय रुसायचं?

ऑपरेशनआधीच्या हृदयाच्या एमआरआयच्या वेळी तू नव्हतीस. हाताच्या शिरेत गॅडोलिनियमचं (व्रण उठून दिसावा म्हणून देतात ते) इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग नळीत "श्वास रोखा, सोडा" आणि कानाशी कुणी पत्रा बडवतंय असा आवाज. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: जिवंत स्नायू काळा, मेलेला पांढराशुभ्र. मला उलटंच वाटलं होतं! पांढरा व्रण हृदयाच्या भिंतीच्या अर्ध्या जाडीच्या आत असेल तर रक्त पोचल्यावर तो भाग पुन्हा हलू लागण्याची आशा. अर्ध्याच्या वर गेला की फारशी नाही. माझी पुढची भिंत बरीचशी काळी निघाली. म्हणजे उपाशी राहून निजलेली, मेलेली नव्हे. आजोबा सुपारीच्या कुळागरातली वाळलेली मिरवेल नखाने खरवडून बघायचे आणि आत हिरवं दिसलं तरच पाणी सोडायचे, ते आठवलं.

पण हिरवं दिसलं म्हणून मिरी किती उतरेल, हे आजोबाही सांगत नसत. निजलेला स्नायू जागा व्हायला महिने लागतात, कधी वर्षही. आणि तुला आकडेच हवेत तर ऐक. स्टिच नावाच्या अभ्यासात ईएफ ३५ किंवा त्याखालचे १,२१२ रुग्ण होते. काहींना औषधांबरोबर बायपास, काहींना नुसती औषधं. १० वर्षांनी बायपासवाल्यांत मृत्यू कमी. त्या १,२१२ जणांतल्या ६०१ जणांचा स्नायू आधी तपासलेला होता. जिवंत स्नायू पुरेसा असलेल्यांचा ईएफ सुधारला, पण ईएफ सुधारणं आणि जास्त जगणं यांचा मेळ काही बसला नाही. मला तर हे ऐकून हलकंच वाटलं.

सकाळी शांतादुर्गेच्या देवळापर्यंत न टेकता जातो. आधी वाटेत दोनदा बसावं लागायचं. हे तू विचारलंच नाहीस.

छातीचं हाड जुळायला तीन महिने, तोवर आई मला कळशीसुद्धा उचलू देत नाही. तेव्हा चवथीला दोन दिवस आधी ये, यंदा माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, तुलाच बांधायची आहे. सुपारीचे घड मी सांगेन तिथेच बांध. गेल्या वर्षी सगळे एका टोकाला लावलेस आणि माटोळी गणपतीवर कलली.

तुझे,
बाबा