फोटोतल्या ‘मैत्रिणी’चं नाव मर्टल डग्लस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईच्या कॉमिक कॉनवर (कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यावर) आलेला सचित्र लेख वाचला. मुलामुलींचे पोशाख, त्यांची मेहनत, पालकांचं कौतुक सगळं छान आलं आहे. कॉसप्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्याच्या, इतिहासाची चौकट मात्र वाचून फार वाईट वाटलं. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, फॉरेस्ट ॲकरमन हा विज्ञानकथांचा चाहता भविष्यातल्या माणसाच्या वेशात तिथे आला आणि संमेलनाला वेश करून येण्याची प्रथा पडली, असं त्यात म्हटलं आहे. शेजारी जुना फोटो आहे आणि खाली ओळ आहे, ‘ॲकरमन आणि त्याची मैत्रीण’.

त्या मैत्रिणीचं नाव मर्टल डग्लस. विज्ञानकथांच्या वर्तुळात तिला सगळे मोरोजो म्हणून ओळखत आणि ती सहीसुद्धा तशीच करायची. फोटोत त्या दोघांच्या अंगावर जे कपडे आहेत, ते तिने बेतले आणि तिनेच शिवले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा फोटो छापला जातो, ती गोष्ट जिच्या हातची, तिलाच ओळीत नाव नाही.

मी डोंबिवलीला राहते. हौशी आणि राज्य नाट्यस्पर्धेच्या नाटकांचे कपडे शिवण्यात माझं आयुष्य गेलं. हल्ली कॉलेजची मुलं मोबाइलवर चित्र घेऊन येतात आणि ‘काकू, असं हवंय’ म्हणतात. त्यामुळे त्या फोटोत माझी नजर आधी केपवर जाते. प्रेक्षकाला वाटतं, खांद्यावर कापड टाकलं की झाली केप. ती अर्धगोल कापावी लागते. कापड काही ठिकाणी उरेब, म्हणजे तिरकं, येतं आणि उरेब कापड आपल्या वजनाने खाली उतरतं. म्हणून खांदे-गळा जोडून झाला की केप रात्रभर टांगून ठेवायची, सकाळी जमिनीपासून मोजून घेर सारखा करायचा आणि मगच खालची पट्टी दुमडायची. घाई केली तर बाजू लोंबतात आणि राजा शेजारच्या घरातून चादर आणल्यासारखा दिसतो. गळ्याला बकरम (आतलं कडक कापड) कमी पडलं तर सगळं वजन मानेवर येतं.

आणि हे तर चित्रातलं, कधीच अस्तित्वात नसलेलं कापडात उतरवायचं काम. १९३६ साली एच. जी. वेल्स यांच्या कथेवरून ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट आला होता. त्यातल्या पुढच्या शतकातल्या माणसांचे रुंद खांदे आणि केपा, तसंच त्या काळच्या विज्ञानकथा मासिकांसाठी फ्रँक पॉल काढत असे ती चित्रं, एवढंच तिच्यापुढे होतं. चित्रकाराला शिवण कुठे येणार याची फिकीर नसते. चेन कुठे, बटण कुठे, माणूस त्यात बसेल कसा, हे शिवणारीने ठरवायचं. ॲकरमनसाठी तिने हिरवी केप आणि ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची विजार) केली, स्वतःसाठी त्याच धर्तीचा पोशाख केला. २ ते ४ जुलै असं ते संमेलन होतं. ॲकरमन पुढे आठवण सांगत असे की न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मुलं त्याला पाहून ‘फ्लॅश गॉर्डन!’ (चित्रकथांतला अंतराळवीर) म्हणून ओरडत होती. संमेलनाला साधारण दोनशे माणसं होती आणि असे कपडे करून आलेली ही दोघंच. तो बावीस वर्षांचा होता, ती पस्तीस वर्षांची.

पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात आणखीही लोक वेश करून आले. १९४१ साली डेन्व्हरला तिने ए. मेरिट या अमेरिकन लेखकाच्या अद्भुत कादंबरीतल्या बेडूकमाणसाचा मुखवटा घातला होता. तो करून दिला होता रे हॅरीहाउझेनने. होय, पुढे पडद्यावर राक्षस आणि सांगाडे नाचवणारा तोच. युद्धानंतर १९४६ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात ती मेरिटचीच सर्पमाता बनून आली. एकदा गंमत म्हणून केलं आणि सोडून दिलं, असं हे नव्हतं.

शिवण ही तिची एक बाजू झाली. लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा मंडळाच्या गुरुवारच्या बैठका क्लिफ्टन्स कॅफेटेरियात भरत आणि ती त्या मंडळाच्या पहिल्या फळीतली. एस्परान्तो या जगाची समाईक भाषा म्हणून मुद्दाम रचलेल्या भाषेची तिला मनापासून ओढ होती, ॲकरमनशी तिची ओळखही त्याच निमित्ताने झाली. या मंडळींचं ‘इमॅजिनेशन!’ नावाचं घरगुती नियतकालिक होतं. जानेवारी १९३८ च्या अंकात रे ब्रॅडबरी नावाच्या एका सतरा वर्षांच्या मुलाची, म्हणजे पुढच्या नामवंत विज्ञानकथालेखकाची, पहिलीवहिली कथा त्यात आली. नंतर तिने आणि ॲकरमनने मिळून एक पत्रिका चालवली, जिच्यात मुख्यतः वाचकांची पत्रंच असत. भांडणं, कौतुक, चुका काढणं, सगळं. पत्र लिहिणाऱ्या मला याचं विशेष वाटतं. शिवाय ‘स्टीफन द स्टेफॅन’ ही तिची एकटीची पत्रिका होती.

आपल्याकडे सहामाहीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल होऊन यायच्या, त्याच जातीच्या यंत्रावर असे अंक निघत. आधी मेणकागदावर टाइप करायचं, मग हाताने शाई फिरवून एकेक पान काढायचं, पानं लावायची, टाचायची, पत्ते लिहून टपालात टाकायचे. ज्यांनी गणेशोत्सवाची स्मरणिका काढली आहे, त्यांना हे किती वेळखाऊ असतं ते माहीत आहे. अशा कामातही आठवण राहते ती लेख लिहिणाऱ्याची.

उशिरा का होईना, तिथल्या लोकांनी हे दुरुस्त करायला घेतलं. २०१४ साली लंडनच्या जागतिक संमेलनात १९३९ चे पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या काळासाठी नंतर दिलेले, ह्यूगो हे विज्ञानकथेतले मानाचे पुरस्कार दिले गेले. त्यात ‘इमॅजिनेशन!’ला सर्वोत्कृष्ट पत्रिकेचा मान मिळाला आणि संपादकांत ॲकरमन आणि ब्रूस यर्क यांच्या जोडीने मोरोजोचं नाव घेतलं गेलं. ती ३० नोव्हेंबर १९६४ रोजी गेली होती. तिच्या पश्चात आठवणींची पुस्तिका काढली ती ॲकरमननेच, आणि पोशाख तिने केले हेही तो मोकळेपणाने सांगत असे. तेव्हा दोष त्याला देता येत नाही. पुढे लिहिणाऱ्यांनी तिला गाळलं.

आपल्या वाचकांना डॉ. जयंत नारळीकरांचा किस्सा ठाऊक असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली. हे त्यांनी स्वतः सांगितलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

माझ्या दोन मागण्या आहेत. येत्या रविवारी त्याच पानावर फोटोओळीची दुरुस्ती छापा : ‘मर्टल डग्लस (मोरोजो) आणि फॉरेस्ट ॲकरमन, पोशाख : मर्टल डग्लस’. आणि पुढच्या कॉमिक कॉनला आपले बातमीदार जातील तेव्हा मुलांना ‘तू कोण झालास’ याबरोबर ‘हे शिवलं कोणी’ तेही विचारू द्या. काही मुलं स्वतः शिवतात, त्यांचं नाव छापा. काहींच्या आया, आज्या, गल्लीतले मास्तर शिवतात, त्यांचंही छापा.

आपली,
एक वेशभूषाकार, डोंबिवली (पूर्व)