एऑनची ओळख करून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

ग्रीक-रोमन कलेतल्या काळाच्या रूपांवरचा माझा लेख दिवाळी अंकासाठी संपादकांकडे गेला. त्याचं श्रेय तुमचं आहे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

म्युनिकच्या ग्लिप्टोथेक या शिल्पसंग्रहालयात तुम्ही मला सेंटिनमच्या मोझेइकसमोर उभं केलंत. इसवी सन 200 ते 250च्या सुमारास इटलीतल्या एका हवेलीत घातलेली ती फरशी. राशिचक्राच्या कड्यात उभा असलेला विवस्त्र तरुण म्हणजे एऑन, अनंतकाळ. एका बाजूला हिरवंगार झाड, दुसऱ्या बाजूला निष्पर्ण. पुढ्यात भूमाता टेलस आणि तिची चार मुलं, बहुधा चार ऋतू. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘‘यात फिरतंय काय आणि थांबलंय कोण?’’ माझा सगळा लेख त्या प्रश्नावर उभा आहे. ऋतू पालटतात, राशी फिरतात, तो मात्र तरुणच!

यावरून मी लगेच नियम बांधू नये, म्हणून तुम्ही अफ्रोडिसियस या (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्राचीन शहरातल्या झोइलस नावाच्या माणसाच्या स्मारकावरच्या शिल्पपटाचे फोटो पाठवलेत. तिथला एऑन दाढीवाला म्हातारा आहे, शेजारी नावही कोरलंय. कोयता घेतलेला म्हातारा काळ मात्र फार पुढचा, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण सर्वांत जास्त ऋणी आहे तो रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या स्तंभाच्या पायथ्याबद्दल. तो आता व्हॅटिकनमध्ये आहे. त्याची पत्नी, सम्राज्ञी फाउस्टिना गेली 140 साली, सम्राट 161मध्ये. शिल्पात मात्र एक पंखवाला तरुण दोघांना एकदमच स्वर्गात नेतोय, आजूबाजूला गरुड. बरेच अभ्यासक त्याला एऑनच मानतात. मधली 20 वर्षं शिल्पकारानं पुसून टाकली! तुम्ही बोट ठेवलं नसतंत, तर मी दोन्ही सनावळ्या लिहून पुढे गेलो असतो. फाउस्टिनाच्या मृत्यूनंतर पाडलेल्या नाण्यांवर ‘एटर्निटास’ म्हणजे अनंतता हे अक्षरशः छापलेलं आहे, हे कळल्यावर त्या शिल्पातला शोक आणि राजकारण दोन्ही दिसू लागलं. मला त्यातला शोक खरा वाटतो.

इतका वेळ, इतके फोटो, रात्री उशिराचे फोन, हे सगळं तुम्ही एका अनोळखी मराठी पोरासाठी केलंत. मनापासून आभार, काकू. अंक छापून आला की पहिली प्रत तुमच्या पत्त्यावर पाठवतो. राशिचक्राबद्दलचा परिच्छेद तेवढा नीट तपासून कळवा.

तुमचा,
एक ऋणी वाचक