पाच हजारांत सोळा दिवस: ऊसतोड बाळंतिणींच्या मजुरीबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य

मंत्रिमहोदया,
सविनय नमस्कार.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे ही सोळा दिवसांची मजुरी झाली. कायम नोकरीतल्या बाईला मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि ती असायलाच हवी. पण उसाच्या फडात डोक्यावर मोळ्या वाहणारी बाईही तितकीच गरोदर असते. तिच्या वाट्याला सोळा दिवसच का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर असते आणि मजुरी टनावर निघते. बाई बसली की कोयता अर्धा होतो. वर मजूर पुरवणारा मुकादम खाडा लावतो, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापतो. एका खाड्याचे ५०० रुपये धरले, तर शासनाचे ५,००० रुपये दहा दिवसांत वळते होतात. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातही बाई पहाटे कोपीतून (फडाजवळच्या झोपडीतून) निघते, ऊस तोडते, मोळी बांधते, गाडी भरते आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा फडात उभी राहते. तिला विश्रांतीचे महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज नाही. विश्रांती घेतली तर उचल फिटत नाही, हे तिला तुमच्या-आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता ही मदत तिच्यापर्यंत पोचताना काय होते ते पाहा. पहिला हप्ता ३,००० रुपयांचा. त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी लागते. दुसरा २,००० रुपयांचा. त्यासाठी बाळाची जन्मनोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी लागतात. कागदावर या अटी सोप्या दिसतात, कारण त्या एका जागी राहणाऱ्या कुटुंबासाठी लिहिलेल्या आहेत.

समजा एखादी बाई जानेवारीत बाळंत होणार आहे. गावच्या उपकेंद्रात तिची नोंद पावसाळ्यात झाली आणि आशाताईंनी फॉर्मही भरला. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी गाव सोडते. त्यानंतर अर्जात त्रुटी निघाली, तर ती कळवणारा मेसेज बहुतेक वेळा नवऱ्याच्या नंबरवर येतो आणि तो नंबर तोवर बदललेला असतो. बाळ जन्मते सांगलीकडे, कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात. जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद करावी लागते, आणि तीही २१ दिवसांत. त्यानंतर जन्मापासून तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. तीस दिवसांच्या पुढे अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. कोपीत किंवा फडाच्या बांधावर जन्मलेल्या बाळाची नोंद करायला त्या गावच्या ग्रामपंचायतीत कोणी जात नाही, कारण जाणे म्हणजे आणखी एक खाडा. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी परत येते तेव्हा बाळ तीन महिन्यांचे झालेले असते आणि दाखल्यासाठी पुन्हा दोन-तीनशे किलोमीटर जावे लागते. लसींचेही तसेच. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातले तीन डोस तीन वेगवेगळ्या गावांत पडतात. एखादा हुकतो, एखादा दिला तरी कार्डावर चढत नाही. दुसरा हप्ता इथेच अडकतो.

पहिला हप्ता अडकतो तो नावामुळे आणि खात्यामुळे. आधारवर माहेरचे नाव, माता-बाल संरक्षण कार्डावर सासरचे, बँकेत तिसरेच. डीबीटीचे, म्हणजे शासनाकडून थेट बँकेत येणारे, पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात ते जातात. कधीतरी मोबाइलच्या दुकानात सिम घेताना अंगठा देऊन पेमेंट बँकेचे खाते उघडले गेलेले असते, त्याचा बाईला पत्ताही नसतो. पोर्टल म्हणते पैसे जमा झाले, आणि ती पासबुक घेऊन जिल्हा बँकेत खेटे घालत राहते. असे अर्ज आम्ही रोज हाताळतो, म्हणून खात्रीने सांगतो की यात बाईची चूक नसते.

दुसऱ्या बाळंतपणाचा नियम तर मुळातच उलटा आहे. १ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या अपत्याला ६,००० रुपये मिळतात, पण मुलगी झाली तरच. मुलगी आहे की मुलगा हे जन्माआधी पाहणे गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. मग याचा अर्थ काय होतो? दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या बाईला गरोदरपणात या योजनेतून एक रुपयाही मिळत नाही. पैसे आलेच तर बाळंतपणानंतर. पोटात बाळ असताना मोळी उचलू नये म्हणून द्यायची मदत मोळी उचलून झाल्यावर येते. आणि मुलगा झाला तर येतच नाही. मुलींच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू चांगला आहे, पण त्याची किंमत आईच्या कमरेकडून वसूल करू नका.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ४ मध्ये ही अट नाही. सरकारी नोकरीतल्या किंवा अन्य कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा स्त्रीला किमान ६,००० रुपये, असे तिथे लिहिले आहे. जननी सुरक्षा योजनेचे पैसे धरून सरासरी ६,००० होतात, असे केंद्र सांगते. महाराष्ट्रात पात्र ग्रामीण मातेला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी त्या योजनेतून ७०० रुपये मिळतात. बेरीज ५,७०० होते. ही किमान रक्कमही २०१३ सालची आहे.

या बाबतीत आपल्या भूमीचा वारसा मोठा आहे. मुंबई इलाख्यात मातृत्व लाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मालकही या जबाबदारीतून पूर्ण मोकळा नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. ऊसतोडीत आज दोघेही हात वर करतात. मजूर मुकादमाचे, म्हणून कारखान्याच्या मस्टरवर (हजेरीपटावर) नाहीत. मस्टरवर नाहीत म्हणून रजेचा कायदा लागत नाही, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवे, ही तरतूदही लागत नाही. मग दोन-तीन वर्षांचे पोर फडाच्या कडेला उसाच्या पाचटावर झोपवावे लागते, तिथे साप निघतात, ट्रॅक्टर वळतात.

पैसा नाही, हे कारण आम्हाला पटत नाही. बांधकाम कामगार मंडळ नोंदीत कामगाराला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या प्रसूतीसाठी २०,००० रुपये देते. तमिळनाडूची मुत्तुलक्ष्मी रेड्डी योजना पोषणाच्या संचांसह १८,००० रुपयांची आहे. लाडकी बहीण योजनेने दरमहा १,५०० रुपये कोट्यवधी खात्यांत टाकून दाखवले. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढाच वाटा शासनाने घालायचा, असे ठरलेले आहे. म्हणजे एक कोटी टन गाळपामागे २० कोटी रुपये. बारा आठवड्यांचे कामाचे ७२ दिवस, दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे एका बाळंतिणीचे २२,४६४ रुपये होतात. त्या २० कोटींत सुमारे ८,९०० बाळंतिणींची बारा आठवड्यांची मजुरी निघते, आणि राज्यात हंगामाला एक कोटी टनांच्या कितीतरी पट ऊस गाळला जातो.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. ऊसतोड बाईला प्रत्येक बाळंतपणाला बारा आठवड्यांची मजुरी राज्याने द्यावी. मुलगा-मुलगी आणि कितवे अपत्य, या अटी त्यात नसाव्यात. निम्मी रक्कम सातवा महिना लागण्याआधी मिळावी आणि निम्मी बाळंतपण झाल्यावर महिन्याच्या आत. जन्मनोंद आणि लसी यांचा पाठपुरावा आरोग्य यंत्रणेने जरूर करावा, पण त्यासाठी मजुरी अडवू नये. लस उशिरा का होईना टोचता येते, बुडालेली मजुरी मात्र भरून निघत नाही. ही रक्कम हाती असेल, तर मुकादमाने खाडा लावण्याचा धाक घातला तरी बाईला बसता येईल. गरोदर आणि बाळंत बाईचा खाडा लावणे बेकायदा ठरवून ती अट मुकादम आणि कारखाना यांच्या करारात घालायला हवी, ते साखर आयुक्तालयाशी बोलून आपल्याला करता येईल.

यातले काही तर नवा पैसा न घालताही होण्यासारखे आहे. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे भाद्रपदात, बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या ऊसतोडीच्या गावांत अंगणवाडीवर एकेक दिवसाचे शिबिर घ्या. तिथे बँकेचा प्रतिनिधी आणि आधारचे मशीन ठेवा. प्रत्येक गरोदर बाईचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते तिथल्या तिथे पाहा, चुकीचे असेल तर बदलून घ्या. तीन कागदांवरची नावे जुळवा. जे नाव आधारवर तेच कार्डावर, माहेरचे असले तरी चालेल. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईच्या कार्डावर ती कोणत्या कारखान्याकडे चालली आहे ते लिहा आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला यादी पाठवा. गाळपाच्या काळात त्या भागातल्या ग्रामसेवकांनी आठवड्यातून एकदा कोप्यांवर जाऊन जन्मनोंदी घ्याव्यात. २१ दिवसांत तीन फेऱ्या होतात, तेवढ्या पुरे.

आणि अर्ज परत आला, तर त्याचे कारण मराठीत, सोप्या शब्दांत, त्या बाईला आणि तिच्या आशाताईंना, दोघींच्या फोनवर यावे. आज पोर्टलवर इंग्रजीत एक ओळ दिसते आणि तिथेच तो अर्ज पडून राहतो. असे पडून राहिलेले अर्ज तालुकावार मोजून, येत्या हंगामाच्या टोळ्या निघण्याआधी, त्यांची यादी आपण जाहीर करावी.

आपले,
ऊसतोड गावांत मातृत्व लाभाचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते