कागदं लावून देणाऱ्या ताईंस

ताई,

सैन्यभरतीसाठी पहाटे पोरं पळवणं आमच्याकडं. १६०० मीटर, चार फेऱ्या, साडेपाच मिनिटं. फेरीला ८२ सेकंद पडतात. पहिलीच फेरी ७० मध्ये मारणारा तिसरीत बसतो. पण पळण्याचे ६० आणि बीमला लटकून १० वेळा अंग उचलण्याचे ४० असे पैकीच्या पैकी गुण घेतलेलं पोरगं कागदांच्या टेबलावरून माघारी फिरलं, तर आमची शिट्टी काय कामाची?

तुमच्या ई-सेवा केंद्रात फॉर्म उघडायच्या आधी दहावीचं गुणपत्रक टेबलावर येतं. भरतीला तेच प्रमाण. त्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. 'पाटील'चं स्पेलिंग एकीकडं 'आय' घालून, दुसरीकडं दोन 'ई' घालून. पोरांच्या डोळ्याला हे दिसत नाही. तुम्ही बोट ठेवून अक्षराला अक्षर लावता आणि फॉर्म सुटायच्या आधीच आधार दुरुस्तीला पाठवता. ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातोय का, तेही तेव्हाच बघता. अडीचशे रुपये फी भरल्यावर चूक कळून काय उपयोग?

रॅलीचे, म्हणजे मैदानावरच्या भरतीचे, कागद तर वेगळंच दुखणं. वर्तणुकीचा आणि अविवाहित असल्याचा, दोन्ही दाखले फोटोसकट आणि सहा महिन्यांच्या आतले लागतात. पोरं गेल्या भरतीचे घेऊन येतात. वीस फोटो लागतात, आणि मोबाईलवर मागची भिंत पांढरी केलेले चालत नाहीत. शपथपत्र ठरल्या नमुन्यातच, नोटरीच्या सहीचं हवं. रॅलीच्या रांगा मध्यरात्रीनंतर लागतात. त्या वेळी नोटरी कुठनं आणायचा?

आणखी एक, जरा आमच्यावरच. माजी सैनिकाच्या मुलाला जादा गुण आहेत, पण त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीचा, नात्याचा दाखला लागतो. सैन्यातून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स भागवेल असं आमच्यातल्याच कित्येकांना वाटायचं. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला वेळेत अर्ज करायला तुम्ही लावलं.

फॉर्मच्या पैशावर एक रुपया जादा नाही, आणि 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्या एजंटाला तुमच्या पायरीवर थारा नाही. त्याबद्दलही आभार.

सोमवारी पुढची पोरं पाठवतोय. मूळ गुणपत्रकाला लॅमिनेशन करू नका, एवढं सांगून ठेवलंय.

आपले,
मैदानावरचे माजी सैनिक, कोल्हापूर