‘आज वर नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाकडे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ सगळीकडे मोबाइलवर ‘वीकेंड ट्रेक, थोड्याच जागा शिल्लक’ असे संदेश फिरू लागतात. त्याच सुमारास धबधबे, धरणे आणि किल्ले यांवर बंदीचे आदेश निघतात. एकीकडे पन्नास-साठ जणांची बस भरून डोंगरावर न्यायची आणि दुसरीकडे डोंगरच बंद करून टाकायचा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी रीत असते. ती मी गेल्या सप्टेंबरात इटलीच्या सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीवर पाहिली. आपल्याकडे ती आणता येईल असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्यांवर गार्ड होतो. गार्डने दोन बेल दिल्या की गाडी सुटते, एक बेल दिली की मोटरमनने थांबायचे. आधी थांबायचे, कारण नंतर विचारायचे. गाडी किती भरली आहे, किती उशीर झाला आहे, फलाटावरचे लोक काय ओरडत आहेत, यातले काहीही त्या एका बेलच्या आड येत नाही. नोकरीभर हे केल्यामुळे असेल, पण कुठेही गेलो तरी माझे लक्ष आधी तिथे गाडी कोण थांबवतो याकडे जाते.

मुलगी-जावई म्युनिकला असतात. त्यांच्याबरोबर आम्ही दोघे एटनाच्या पायथ्याच्या कतानिया शहरात गेलो होतो. शहरातले रस्ते, जुन्या इमारती, मुख्य चौकातला हत्तीचा पुतळा, सगळे लाव्हाच्या काळ्या दगडाचे. १६६९ च्या उद्रेकात लाव्हा डोंगरातून थेट शहराच्या तटापर्यंत आणि पुढे समुद्रापर्यंत आला होता. मुलीने तिथून एका दिवसाची सहल ठरवली होती: आठ पर्यटक, एक छोटी व्हॅन आणि एक मार्गदर्शक. इटलीत ज्वालामुखीवर माणसे नेणाऱ्यांचा १९८९ च्या कायद्यात वेगळा उल्लेख आहे. प्रशिक्षण आणि परीक्षेशिवाय कुणी हौशीने हे काम करू शकत नाही. आमचा मार्गदर्शक त्यांपैकी, पन्नाशीचा, मितभाषी माणूस.

व्हॅन सुटण्याआधी त्याने प्रत्येकाला एक पाय उचलायला लावून बुटाचा तळ पाहिला. पत्नीच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट होते. काही न बोलता त्याने डिकी उघडली आणि घोट्यापर्यंत येणारे जाड बूट काढून तिच्यासमोर ठेवले. मग दम्याचा, हृदयाचा कुणाला त्रास आहे का, हे प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारले. चारचौघांत विचारले असते तर निम्म्यांनी ‘नाही’च म्हटले असते. वरच्या तोंडांतून सल्फर डायऑक्साइड येतो आणि वारा फिरला की तो थेट वाटेवर उतरतो, म्हणून ही चौकशी. हेल्मेट देताना पट्टा हनुवटीखाली बांधून तो स्वतःचे बोट आत घालून पाही. एक बोट जाईल, दोन जाणार नाहीत, इतका घट्ट.

सुमारे १,९०० मीटरवर गाडीरस्ता संपतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे चालायला सुरुवातच कळसूबाईच्या वर. तिथून केबल कार २,५०० मीटरपर्यंत जाते आणि पुढे पायी, भुसभुशीत काळ्या राखेतून. एक पाऊल पुढे टाकले की अर्धे मागे घसरते. २००२-०३ च्या उद्रेकात तयार झालेल्या विवरांपाशी त्याने आम्हाला गुडघ्यावर बसवले आणि राखेत बोटे खुपसायला सांगितली. वरची राख थंडगार होती. चार बोटे खाली हात गेला आणि पत्नीने तो झटकन मागे घेतला. चुलीतली राख सकाळी सारताना खाली विस्तव लागावा तसे ते होते. वीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी जमिनीच्या पोटातली ऊब गेलेली नाही. मला राहून राहून वाटते की शाळेत ज्वालामुखीचा धडा शिकवताना एखाद्या मुलाला एवढा एक स्पर्श मिळाला, तर त्याला वेगळे पाठ करावे लागणार नाही.

शिखर तिथून समोर दिसत होते. पांढरा धूर एका बाजूला वाहत होता. सगळ्यांना वर जायचे होते. मार्गदर्शक वॉकीटॉकीवर काही बोलला, थोडा वेळ धुराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “आज वर नाही.” आमच्यातल्या एका दांपत्याने हुज्जत घातली. पैसे भरले आहेत, हवा स्वच्छ आहे, वरून माणसे उतरताना दिसत आहेत. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. वाद घातला नाही, माफी मागितली नाही, दिलगिरीचे भाषणही केले नाही. दुसऱ्या वाटेने तो आम्हाला व्हाले देल बोवे नावाच्या प्रचंड दरीच्या काठावर घेऊन गेला. डोंगराचा एक भाग पूर्वी कोसळून ती दरी झाली आहे. काही ठिकाणी तिच्या भिंती हजार मीटरपर्यंत उंच आहेत आणि त्यांत लाव्हाचे एकावर एक थर उघडे पडले आहेत.

खाली उतरल्यावर मी मुलीमार्फत त्याला विचारले, हा निर्णय तुझा की वरून आलेला? त्याच्या उत्तरासाठीच मी हा सगळा प्रवास सांगितला. तो म्हणाला, कुठवर जायचे याची हद्द मी ठरवत नाही. कतानियाची ज्वालामुखी वेधशाळा रात्रंदिवस डोंगराचे हादरे, वायू, जमिनीचा कल मोजते. त्यावरून नागरी संरक्षण विभाग आणि पायथ्याच्या गावांचे महापौर आदेश काढतात. त्या हद्दीच्या आत राहून मी अलीकडेच थांबू शकतो. पलीकडे एक पाऊलही नेऊ शकत नाही. सहलीची तिकिटे विकणारी कंपनी यात कुठेच नाही.

महोदय, हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छोटा गट आणि वाटाड्या एवढ्याने माणसे वाचत नाहीत. न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी स्फोट झाला, तेव्हा तिथे ४७ जण होते. त्यांचे गट होते, मार्गदर्शक होते, हेल्मेटही होती. २२ जण दगावले, त्यांत मार्गदर्शकही होते. त्या बेटाचा धोक्याचा इशारा आधीच्याच महिन्यात वाढवलेला होता, तरी सहली चालू राहिल्या. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या मारापी ज्वालामुखीच्या उद्रेकात डिसेंबर २०२३ मध्ये २४ गिर्यारोहक दगावले. तिथे शास्त्रज्ञांचा सल्ला मुखापासून ३ किलोमीटर दूर राहण्याचा होता, आणि परवाने मात्र दिले जात होते. जमिनीत मुरलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन जो स्फोट होतो, तो पुष्कळदा पूर्वसूचना देत नाही. एटनावरही १९७९ मध्ये अशाच एका स्फोटात ९ पर्यटक मृत्युमुखी पडले. आजचे कडक नियम अशा अनुभवांतून आले आहेत. २ जून २०२५ रोजी एटनाच्या आग्नेय मुखाचा भाग ढासळून तप्त राखेचा लोट उसळला. धावत उतरणाऱ्या पर्यटकांची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. त्या दिवशी जीवितहानी झाली नाही.

आता आपल्याकडे या. माझ्या भाचीचा मुलगा गेल्या पावसाळ्यात कर्जतजवळच्या एका किल्ल्यावर गेला होता. आयोजकाचे नाव मी लिहीत नाही. साठ मुले आणि त्यांना नेणारे विशीतले दोघे. तेही आठवडाभर कॉलेज करून शनिवारी हे काम करणारे. वाटेतला ओढा चढू लागला तेव्हा त्यांतल्या एकाने शहाणपणाने परत फिरायचे ठरवले आणि आयोजकाला फोन केला. पलीकडून उत्तर आले, “लोकांनी टॉपचे पैसे दिलेत, टॉप करून या.” उतरताना ओढा ओलांडता येईना. गावातल्या ठाकर मंडळींनी दोर बांधून रात्री एकेकाला अलीकडे आणले. बुटांचे तळ कुणी पाहिले नव्हते, आणि साठ मुलांची मोजणी अंधारात पहिल्यांदा झाली. त्या पोरसवदा लीडरची बुद्धी अगदी योग्य वेळी बरोबर चालली होती. त्याच्या हातात बेल नव्हती, एवढेच.

दुसऱ्या बाजूला सरसकट बंदी. खारघरचा पांडवकडा धबधबा वर्षानुवर्षे पावसाळ्यात बंद असतो आणि मागच्या वाटांनी लोक तरीही जातात. तिथे माणसे वाहून गेल्याच्या बातम्या आपल्यालाच छापाव्या लागतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर पुन्हा बंदीचे आदेश निघाले. चार महिने बंद म्हटल्यावर उघडीप असलेला सुरक्षित दिवस आणि अतिवृष्टीचा दिवस यांत फरकच उरत नाही. लोक आदेशाला मानेनासे होतात. ज्या गावकऱ्यांना पावसाळ्यात चहा-भाकरीचे, वाट दाखवण्याचे चार पैसे मिळतात, त्यांचे ते मिळणेही थांबते, आणि डोंगर जाणणारी हीच माणसे वाटेवरून बाजूला होतात.

राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. माझे मागणे त्यापुढचे आहे. डोंगर आज उघडा की बंद, हे रोज पहाटे ठरावे. हवामान खात्याचा इशारा आणि स्थानिक ओढ्या-नाल्यांची स्थिती पाहून तहसील आणि वनविभागाने ते जाहीर करावे. गट दहा-बारांचाच असावा आणि प्रत्येक गटाबरोबर पायथ्याच्या गावातला प्रशिक्षित, ओळखपत्र असलेला वाटाड्या सक्तीचा असावा. त्याचे मानधन आयोजकाच्या हातून न जाता परस्पर जमा व्हावे. वाटेतून परत फिरला म्हणून त्याचा एक रुपया कापला जाऊ नये. तो ‘परत’ म्हणाला की सहल तिथे संपली, हे पैसे घेतानाच प्रत्येकाकडून लिहून घ्यावे.

यावर कुणी म्हणेल की छोट्या गटाची सहल महाग पडते, युरोपातली गोष्ट इथे कशाला. एटनाची सहल महाग होती हे खरे आहे. पण तिथे पैसा व्हॅन, केबल कार आणि सामानावर जातो. कर्जत-कसाऱ्याच्या डोंगरात लोकलचे तिकीट आणि एका वाटाड्याची दिवसाची मजुरी, एवढाच खर्च. ती दहा जणांत वाटली तर कॉलेजच्या मुलालाही जड जाणार नाही. आज त्याच मुलाने भरलेल्या पैशातला किती वाटा त्या गावात पोहोचतो, हे आयोजकांनी एकदा सांगावे.

आणि असा वाटाड्या असला तर मुलांना पायाखालचा डोंगरही कळेल. व्हाले देल बोवेच्या काठावर थरांची ती भिंत पाहताना मला कसारा आठवला. गाडीच्या शेवटच्या डब्यातून मी ते डोंगर वर्षानुवर्षे पाहिले. आडव्या पट्ट्या, पायरीपायरीने चढत गेलेल्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा एखाद्या शिखरातून नव्हे, तर जमिनीच्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरत गेला आणि त्यातून आपला सह्याद्री घडला. १९१६ चा पारसिक बोगदा त्याच दगडातून गेला आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याच लाव्हाचा उभ्या खांबांचा ६० मीटरचा सुळका आहे. अजिंठा, वेरूळ, कान्हेरी त्याच दगडात कोरली गेली. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडे मात्र जिवंत ज्वालामुखीमुळे नाहीत. भेगांतून खोल गेलेले पाणी तिथल्या उष्णतेने तापून वर येते. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे. ठाण्याच्या किती शाळा आपल्या मुलांना येऊरच्या टेकडीवर नेऊन हातात एक काळा दगड देतात आणि हा एकेकाळी वाहत होता असे सांगतात?

जुलै २०२५ मध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. गर्दी वाढणारच. ती थोपवून धरण्यापेक्षा नीट वर नेऊन नीट खाली आणण्याची व्यवस्था या पावसाळ्याआधी ठाणे, रायगड आणि पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी निदान चार-पाच ठिकाणी सुरू करून पाहावी.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. पावसाळ्यात शुक्रवार-शनिवारच्या अंकात हवामानाच्या चौकटीशेजारी, कोणता डोंगर, कोणता धबधबा कोणत्या आदेशाने बंद आहे आणि कुठे जाण्यास परवानगी आहे, याची छोटी यादी तालुकावार छापावी. पहाटेच्या कर्जत-कसारा लोकलमध्ये पाठीवर सॅक घेतलेली मुले चढतात, त्यांच्या घरी आदल्या दिवशीचा आपला अंक आलेला असतो. आई-वडिलांनी तो वाचून फोन करायला वेळ मिळेल.

आपला विश्वासू,
मध्य रेल्वेतील एक निवृत्त गार्ड
कळवा, जि. ठाणे