चंद्रावरच्या विटांची चाचणी निर्वातात हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्रावरची माती उन्हावर भाजून विटा करण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. विषय मराठीत आला याचा आनंद आहे. मात्र ऊन फुकट आणि माती फुकट, म्हणजे बांधकामही जवळपास फुकट, असा समज त्यातून होतो.

उष्णता मिळवणे हा यातला सोपा भाग. चंद्रावर दर चौरस मीटरला सुमारे १,३६० वॉट ऊन मिळते, आड यायला ढग नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेने २०१७ मध्ये जर्मनीतील कोलोनच्या सौरभट्टीत केलेली वीट हे त्याचे उदाहरण. १४७ वक्र आरशांचा झोत एका जागी आणायचा, त्याखाली चंद्रमातीसारख्या भुकटीचा ०.१ मिमीचा थर पसरायचा, तो १,००० अंश सेल्सिअसला भाजायचा आणि त्यावर पुढचा थर टाकायचा. २० × १० × ३ सेंमीची वीट सुमारे पाच तासांत तयार झाली. तिची ताकद मात्र जिप्समइतकीच होती आणि कडा वाकत होत्या.

कडा वाकण्याचे कारण निवण्यात आहे. त्या मधल्या भागाआधी निवतात आणि आकसतात, मधला भाग अजून गरम असतो. आपल्याकडे वीटभट्टी विझल्यावर लगेच उकलत नाहीत, ती सावकाश निवू देतात, ते याचसाठी. थर-थर भाजताना ही सवलत मिळत नाही. झोत पुढे सरकला की मागची जागा लगेच निवू लागते.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या युरोपीय प्रयोगात माती नुसती न भाजता वितळवली. उन्हाऐवजी १२ किलोवॉटचा लेझर होता, झोताचा व्यास ४.५ सेंमी. झोताचा एक पट्टा दुसऱ्यावरून गेला की तिथे तडा जाई. म्हणून पट्टे एकमेकांना छेदणारच नाहीत असा, मध्ये पोकळ आणि एकमेकांत अडकणारा त्रिकोणी तुकडा निवडला गेला. हे तुकडे घरासाठी नव्हेत, यानाच्या उतरण्याच्या जागेसाठी आणि रस्त्यांसाठी आहेत. पहिली गरजही तीच आहे. १९६९ मध्ये अपोलो-१२ हे यान चंद्रावर आधीच उतरलेल्या मानवरहित सर्व्हेयर-३ यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरले, तरी उडालेल्या धुळीने सर्व्हेयरचा पृष्ठभाग खरवडून निघाला होता.

कोलोनची वीट साध्या हवेत भाजली होती, चंद्रावर मात्र हवाच नाही. निर्वातात मातीतून निघणाऱ्या वायूंचे बुडबुडे वितळलेल्या थरात अडकतात आणि तुकडा सच्छिद्र होतो. मातीतल्या सोडियम-पोटॅशियमची वाफ होऊन ती झोत पाडणाऱ्या थंड भिंगावर जमते, म्हणजे तेवढा झोत कमी. शिवाय सुटी माती निर्वातात उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही. चांद्रयान-३ च्या 'चास्ते' या मातीचे तापमान मोजणाऱ्या उपकरणाने वर ५० अंशांहून अधिक तापमान असताना अवघ्या ८ सेंमी खाली उणे १० अंश नोंदवले. साहजिकच वितळलेला तुकडा खालून फारसा निवत नाही, वरून मात्र उष्णता झपाट्याने बाहेर टाकतो, आणि ताण वाढतो.

आणखी एक बाब लेखात सुटली आहे. वरील युरोपीय प्रयोगांतली भुकटी ज्वालामुखी, बेसाल्टसारख्या खडकाची होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडची माती वेगळी आहे. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरच्या मोजणीतही तिथे ॲनॉर्थोसाइट या फिकट रंगाच्या खडकाच्या प्रकारचीच माती आढळली. त्यातले ॲनॉर्थाइट हे मुख्य खनिज शुद्ध असेल तर सुमारे १,५५० अंशांना वितळते. बेसाल्टसाठी बसवलेला झोत सरकवण्याचा वेग इथे चालणार नाही. त्यात ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगत फिरतो. आडवे भिंग तिथे निरुपयोगी. उभा आरसा सूर्याबरोबर फिरवून झोत खाली वळवावा लागेल.

आपल्याकडे मात्र नेमक्या हव्या त्या गोष्टी आहेत. तमिळनाडूतील सित्तमपुंडीच्या ॲनॉर्थोसाइटपासून इस्रोने चंद्रमाती तयार केली आहे आणि 'चास्ते'चे आकडेही आहेत. ही माती निर्वात टाकीत निदान २० सेंमी खोल भरावी, तळ थंड ठेवावा आणि काचेच्या खिडकीतून झोत सोडावा. झोताजवळ ठेवलेली थंड काच आधी व नंतर वजन केली की वाफ किती जमली ते कळेल. निवतानाचे तापमान वर, मध्ये आणि तळाशी, तीन ठिकाणी नोंदवावे. ताकद मोजताना नुसता दाब देऊ नये, वाकवूनही मोजावी. असे ठिसूळ तुकडे दाब सोसतात, वाकवले की तुटतात. हे आकडे हाती येईपर्यंत चंद्रावरच्या घरांची चित्रे छापण्याची घाई करू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे