बर्फ वितळला म्हणून नमुना बाद!

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला, कादवा नदीवर जाळं टाकणारा भोई. मागे आपण नांदूरमध्यमेश्वरला आलात तेव्हा आम्ही निवेदन दिलं होतं. ‘मासे मेले तर आठ दिवसांत नमुने तपासू,’ असं आपण माइकवरून बोललात. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

पंधरा दिवसांपूर्वी रात्री अवकाळी आला. द्राक्षबागा फुलोऱ्यात, डाऊनी रोगाची आणि थ्रिप्स किडीची धास्ती, त्यामुळे फवारणीचे ब्लोअर चालू होते. टाक्या धुतल्या जातात ओढ्यावर, आणि ओढा येतो नदीला. पहाटे गेलो तर काठाला चिलाप, वाम पांढरी पोटं वर करून पडलेली. एक मरळ जिवंत होती. तोंडाची उघडझाप करत गोल गोल फिरत होती, हात घातला तरी पळाली नाही. मरळ अशी हातानं सापडते का, साहेब? तीस वर्षांत मला सापडली नव्हती.

सात मासे थर्माकोलच्या खोक्यात बर्फात घालून मोटारसायकलवर नाशिक गाठलं. एका खिडकीनं दुसरीकडे धाडलं, दुसरीनं जेवणाची सुट्टी सांगितली. पाच वाजता उत्तर मिळालं: ‘बर्फ वितळलाय, नमुना ग्राह्य धरता येणार नाही.’ घरून निघाला तेव्हा तो दगडासारखा होता हो! पाणी न्यायला माणूस आला सहाव्या दिवशी. वाहत्या नदीत सहाव्या दिवशी त्याला काय गावणार? आता अहवाल येईल, पाणी उत्तम.

माझी मुलगी प्राणिशास्त्र शिकते. ती म्हणाली, मेलेले मासे तरी दिसतात, जगलेल्यांचं काय? थोडं विष पोटात गेलेला मासा पोहतो, खातो, पण पेशीतला डीएनए तुटलेला असू शकतो. माशाच्या रक्तातल्या लाल पेशीत केंद्रक, म्हणजे डीएनएचं घर, असतं, आपल्या लाल पेशीत नसतं, म्हणून रक्ताचा एक थेंब पुरतो. पेशी जेलीसारख्या थरात बसवून वीज सोडली की तुटलेला डीएनए मागे शेपटीसारखा ओढला जातो. त्या चाचणीचं नावच कॉमेट, म्हणजे धूमकेतू. क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन ही कीटकनाशकं दिलेल्या मरळीच्या जातीतल्या माशांमध्ये आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांना ही शेपटी दिसली आहे. माशाचा तुटका डीएनए पोटात गेला म्हणून आपला तुटत नाही, हेही तिनं बजावलं. पण तुटका डीएनए अंड्यात उतरला तर पिल्लं कशी निपजतील? जाळं हलकं होत चाललंय, साहेब. माझ्या हिशेबानं निम्मं. शेजारचा म्हणतो पाऊण तरी राहिलं. मोजलंय कुणी?

द्राक्षांचं मात्र मोजतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी युरोपनं माल अडवला तेव्हा केवढी धावपळ झाली. आज युरोपला जाणारा घड प्रयोगशाळेतून पास झाल्याशिवाय हलत नाही. बागायतदाराशी माझं भांडण नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, माझी बायको त्याच्याच बागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, जाते. पण गोऱ्याच्या ताटातल्या मण्याला जी तपासणी, ती निफाडच्या कालवणातल्या माशाला नको? आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात, त्यामुळे सरकारचा गैरसमज झाला असावा.

दिल्लीनं 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. पूर्ण बंदी आली ती 2023 मध्ये, तीही त्यातल्या तिघांवर. ‘ते केंद्राचं काम,’ म्हणाल. केंद्र म्हणेल, अंमलबजावणी राज्याची. 1968 चा कीटकनाशक कायदाच अजून चालतोय. नांदूरमध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा 2020 मध्ये जाहीर झाला, तिथं पक्षी मोजायला दुर्बिणी येतात. ते पक्षी खातात काय, हे कुणी विचारतं का? सिंहस्थ तोंडावर आहे, रामकुंडावर कोट्यवधी खर्च होतील, आणि साधूंची आंघोळ झाली की गोदामाई स्वच्छ झाली असं जाहीर होईल. आमची कादवा त्याच गोदेला मिळते, पण खाली, जिथं कॅमेरे येत नाहीत.

मागणी एवढीच: फवारणीच्या दिवसांत कादवेतल्या जिवंत माशांचं रक्त तपासा, अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

आणि ते सात मासे शेजारणीच्या फ्रीजमध्ये आहेत. ती रोज विचारते, कधी नेणार? तिला काय सांगू?

आपला,
कादवाकाठचा एक भोई